सावकाराने दाराबाहेर थांबावे

बायबलमध्ये व्याजाला सरसकट बंदी आहे, असे अनेकजण ठामपणे सांगतात. तसे नाही. निर्गमाच्या 22व्या अध्यायातला नियम गरिबाला दिलेल्या कर्जाबद्दल आहे, लेवीयाच्या 25व्या अध्यायातला हलाखीत सापडलेल्या भाऊबंदाबद्दल. परक्याकडून व्याज घ्यायला तर अनुवादाच्या 23व्या अध्यायात परवानगीच आहे. गरीब माणूस कर्ज काढायचा तो धंदा वाढवायला नव्हे, पोटासाठी. त्याच्या अडचणीवर कमाई करायची नाही, हा नियमाचा गाभा.

दया दाखवायची तर तारण मागूच नये, हाही गैरसमजच. तारण घेता येत होते. काय घ्यायचे आणि कसे, याला मर्यादा होती. अनुवादाचा 24वा अध्याय वाचावा. जाते गहाण घ्यायचे नाही, त्याची नुसती वरची तळीसुद्धा नाही. जाते थांबले की घरातली भाकरी थांबते. विधवेचे वस्त्र घ्यायचे नाही. गरिबाचे पांघरूण घेतले, तर सूर्य मावळताना परत करायचे. रात्री तो पांघरणार काय? आणि गहाण आणायला कर्जदाराच्या घरात शिरायचे नाही. बाहेर उभे राहायचे, वस्तू तो स्वतः आणून देईल. घेणाऱ्यालाही अब्रू असते, हे नियमातच लिहून ठेवले आहे, याचे मला फार मोल वाटते.

म्हणून कर्ज बुडवायला मोकळीक मिळते का? मुळीच नाही. उसने घेऊन परत न करणाऱ्याला 37वे स्तोत्र दुर्जन म्हणते. मत्तयाच्या 25व्या अध्यायातला, नोकरांवर सोपवलेल्या पैशांचा दृष्टांत व्याजाच्या समर्थनासाठी पुढे केला जातो, पण त्याचा विषय नोकराची जबाबदारी आहे. उसने देण्याबद्दल येशू थेट बोलतो ते लूकच्या 6व्या अध्यायात, आणि तिथे तो परतफेडीची आशाही सोडायला सांगतो.

'हे सगळे ग्रंथात ठीक, व्यवहारात कोण करतो?' असे म्हणणाऱ्यांनी नहेम्याचा 5वा अध्याय पाहावा. काळ इ.स.पू. 5वे शतक, गाव यरुशलेम. दुष्काळ पडलेला, त्यात पर्शियाच्या राजाचा कर. लोकांनी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली, पोटची मुले दास्यात दिली. सावकार परके नव्हते, आपलेच होते. सुभेदार नहेम्याने त्यांना भरसभेत जाब विचारला. आपण आणि आपले भाऊही पैसा व धान्य उसने देतो, हे सांगून तो म्हणाला, व्याज सोडू या, जमिनी आजच परत करा. सावकारांनी याजकांसमोर शपथ घेतली आणि दिलेला शब्द पाळला.