पाण्यावरची नजर – ७ : लोणारचे अर्धे तळे

आज गॉगलच्या काचेच्या रंगांचा वार होता. करडी काच घ्यावी की तपकिरी, ढगाळ दिवशी पिवळसर चालते का, हे सगळे गेल्या आठवड्यात कबूल केले होते. ते आता पुढच्या आठवड्यावर. मध्येच मेहकरहून एका वाचकाचे पत्र आले आणि त्या पत्राने रंगांचीच पंचाईत करून ठेवली.

हे गृहस्थ पेनटाकळी धरणावर गळ टाकून बसणारे. लेखमालेचा तिसरा भाग वाचून त्यांनी पोलराइज्ड गॉगल घेतला. एका रविवारी घरच्यांना घेऊन लोणारला गेले आणि सरोवराच्या काठावरून खाली बघताना त्यांनी गॉगल घालून पाहिला, काढून पाहिला. बिनगॉगलचे तळे फिकट, आभाळासारखे. गॉगल घातला की जवळच्या काठाचे पाणी गर्द हिरवे. पलीकडच्या काठाचे मात्र जसेच्या तसे, चांदीचा पत्रा पसरावा तसे. तेवढ्यात त्यांच्या मुलाने गॉगल मागून घेतला, मान खांद्यावर कलती केली आणि ओरडला, ‘बाबा, मान वाकडी केली की तळं बदलतं!’

पत्रात प्रश्न दोन. गॉगल अर्ध्याच तळ्यावर चालतो, तर तो सदोष आहे का? आणि लोणारचा खरा रंग कोणता, गॉगलमधला की बिनगॉगलचा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूमितीत आहे आणि त्यासाठी लोणारइतकी सोयीची प्रयोगशाळा महाराष्ट्रात दुसरी नसेल. उल्केच्या आघाताने बसाल्टमध्ये पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. तळे सुमारे १.२ किलोमीटरचे, आणि ते विवराच्या काठापासून सव्वाशे-दीडशे मीटर खाली. काठावर उभे राहिले की जवळचे पाणी आडव्या अंतराने साधारण ३०० मीटरवर येते, तर पलीकडची कड दीड किलोमीटरवर. म्हणजे जवळचे पाणी पाहताना नजर क्षितिजापासून सुमारे २४ अंश खाली झुकते. पलीकडचे पाणी पाहताना जेमतेम ५ अंश.

सगळा खेळ या दोन आकड्यांतला आहे. आडवा प्रकाश म्हणजे ज्याचे कंपन आडवे, उभा म्हणजे ज्याचे उभे, हे दुसऱ्या भागात झालेच आहे. गॉगल आडव्याला अडवतो, उभ्याला सोडतो. आता पाण्याचे वागणे पाहा. जवळच्या काठावर, २४ अंशांच्या नजरेला, आडव्या प्रकाशापैकी शेकडा १७ भाग पाण्यावरून परततो आणि उभ्यापैकी फक्त २. गॉगलने ते १७ कापले की उरलेल्या २ भागांची चकाकी डोळ्याला जाणवतही नाही, आणि पाण्याच्या आतला हिरवा वर येतो. पलीकडच्या काठावर ५ अंशांच्या नजरेला आडवा प्रकाश शेकडा ६७ परततो, पण उभाही ४९ परततो. गॉगलने ६७ कापले तरी ४९ आहेतच. चांदीचा पत्रा हटणार कसा?

तेव्हा गॉगल निर्दोष आहे. पाण्याचाच तसा कायदा आहे.

या कायद्याची पहिली चाहूल १८०८ मध्ये पॅरिसला लागली. एत्येन लुई मालूस हा लष्करी अभियंता कॅल्साइटचा पारदर्शक स्फटिक डोळ्याला लावून खिडकीतून बघत होता. समोर लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवर मावळत्या सूर्याचे कवडसे. स्फटिकातून नेहमी प्रत्येक वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला तशी कवडशाची एक प्रतिमा मंदावली, म्हणजे काचेवरून परतलेला प्रकाश पोलराइज्ड होता. १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश संशोधकाने प्रत्येक पदार्थाचा कोन काढण्याचा नियम बसवला. पाण्यासाठी तो उभ्या रेषेपासून ५३ अंश येतो, म्हणजे नजर क्षितिजापासून ३७ अंश खाली. त्या नेमक्या कोनात परतलेली चकाकी निव्वळ आडवी असते, आणि चांगला गॉगल ती जवळजवळ पुसून टाकतो. कॅल्साइट पाहायला मात्र पॅरिसला जायला नको. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तो सापडतो. स्वच्छ तुकडा मिळाला तर वर्तमानपत्रावर ठेवून पाहावा, प्रत्येक अक्षर दोनदा दिसते.

गळ टाकणाऱ्याला अंश मोजत बसायची गरज नाही. त्याच्यासाठी ढोबळ हिशेब असा: पाण्यापासून डोळ्याची जेवढी उंची, तिच्यात तिचाच एक तृतीयांश मिळवा. तेवढ्या अंतरावर गॉगल सर्वांत चांगला चालतो. थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर त्याची उत्तम जागा सव्वा मीटरवर, हाताच्या टप्प्यात. धरणाच्या भिंतीवर पाण्यापासून सहा मीटर उंच उभा असलेला माणूस आठ मीटरवरचे पाणी आरपार पाहील. उंचीच्या अडीचपटीपलीकडे गेले की चकाकी पुन्हा जोर धरते. ‘मला काही दिसत नाही’ म्हणून तक्रार करणारे बहुतेक जण पाण्याच्या अगदी काठाशी बसून वीस मीटरवरच्या बुचाकडे बघत असतात. त्यांनी दुसरा गॉगल शोधण्यापेक्षा उंच दगड शोधावा.

वारा असला की प्रत्येक लाट आपला वेगळा कोन करते. तेव्हा हा हिशेब सरासरीने चालतो.

आता मुलाच्या मानेकडे. गॉगलच्या काचेत जी पट्टी असते तिचा जन्म मजेशीर आहे. १८५२ मध्ये ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापथ यांच्या विद्यार्थ्याने क्विनाइन खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडिन टाकले आणि तळाशी हिरवे चमकदार स्फटिक जमले. हेरापथनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दोन स्फटिक एकमेकांवर आडवे पडले की तिथे काळोख होत होता. मोठे स्फटिक वाढवणे कुणालाच जमेना. अमेरिकेतल्या एडविन लँड या तरुणाने १९२९ मध्ये पेटंट मागितले ते मोठ्या स्फटिकाचा नाद सोडून. त्याने असंख्य बारीक स्फटिक एका दिशेला बसवून पातळ पत्रा केला. १९३८ मध्ये त्याने स्फटिकही सोडले. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पापुद्रा ताणायचा, म्हणजे त्याचे लांबट रेणू पिंजलेल्या सुतासारखे एका रांगेत येतात, आणि मग त्याला आयोडिन पाजायचे. रांगेच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश तिथे शोषला जातो. आजच्या गॉगलमधली पट्टी याच घराण्यातली.

ताणाची दिशा काचेत आडवी बसवलेली असते म्हणून आडवी चकाकी मरते. मान खांद्यावर टाकली की रांगा उभ्या होतात, चकाकी आत शिरते आणि तळे बदलते. गॉगल घेताना हीच परीक्षा करायची. दुकानदार एक कार्ड पुढे करतो, ज्यावर गॉगलमधूनच मासा दिसतो. त्याने काच पोलराइज्ड आहे एवढेच कळते, पट्टी सरळ बसली आहे की नाही ते कळत नाही. त्यापेक्षा दुकानाबाहेर यावे आणि जमिनीवरच्या डबक्याकडे किंवा उभ्या मोटारीच्या बॉनेटकडे बघावे. एक डोळा मिटून गॉगल हळूहळू डावी-उजवीकडे कलता करावा. चकाकी सर्वांत कमी होते ती फ्रेम अगदी आडवी असताना व्हायला हवी. मग दुसऱ्या डोळ्याने तेच. दोन काचा वेगवेगळ्या कलावर काळवंडत असतील तर त्या गॉगलची पट्टी वाकडी बसलेली आहे. तासाभरात डोके धरते ते यामुळेच. मोबाइलचा पडदाही चालतो, पण तो गॉगल किती कलवल्यावर काळा व्हावा हे फोनागणिक बदलते. डबके सगळीकडे सारखे.

आणखी एक गोष्ट इथेच उरकू. पोलराइज्ड असणे आणि अतिनील किरण अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. काचेवर ‘यूव्ही ४००’ लिहिलेले हवे, आणि चष्म्याच्या दुकानात यंत्र असेल तर तपासून घ्यावे. काच गडद आहे पण अतिनील किरण सोडते, असा गॉगल नुसत्या डोळ्यांपेक्षा वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते. गडदपणाला ० ते ४ अशा पायऱ्या आहेत. पाण्यासाठी ३ पुरे, ती ८ ते १८ टक्के प्रकाश आत घेते. ४ नंबरचा घालून गाडी चालवू नये. धरणावरून घरी गाडीनेच जायचे असते.

आता खरा रंग. हा प्रश्न मेहकरच्या वाचकाच्या शंभर वर्षे आधी एका जहाजाच्या डेकवर पडला होता. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडला गेले. जाताना-येताना भूमध्य समुद्राची गर्द निळाई त्यांना गप्प बसू देईना. लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मोठ्या माणसाने सांगून ठेवले होते की समुद्राचा निळा म्हणजे आभाळाचे प्रतिबिंब. रामन यांच्याजवळ निकोलचा लोलक होता, म्हणजे तोच कॅल्साइट, कापून चिकटवलेला. गॉगल जे काम करतो तेच तो करतो. नार्कुंडा जहाजाच्या डेकवरून त्यांनी पाण्याकडे ब्रूस्टरच्या कोनात पाहिले आणि लोलक फिरवून आभाळाचे प्रतिबिंब विझवले. रॅले बरोबर असते तर निळा रंग गेला असता. तो आणखी गडद झाला. आभाळ पुसल्यावर जो राहिला तो पाण्याचा स्वतःचा. जहाज मुंबई बंदरात लागले तेव्हा रामन यांचे ‘नेचर’ नियतकालिकासाठीचे पत्र तयार होते. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात हा त्यातला मुद्दा. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ ला जो रामन परिणाम सापडला आणि १९३० मध्ये ज्याचे नोबेल मिळाले, त्या वाटेवरचे हे एक मोठे वळण.

तेव्हा लोणारला रामन यांची साक्ष काढली तर उत्तर गॉगलच्या बाजूने पडते. फिकट निळा हा आभाळाकडून उसना आणलेला, आणि हिरवा पाण्यातला. त्या खारट, अल्कधर्मी पाण्यात मासा सहसा जगत नाही, पण स्पिरुलिना कुळातले सूक्ष्म शैवाल भरभरून वाढते. जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले तेव्हाही तो रंग आतलाच होता. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि गुलाबी रंगद्रव्य असलेले हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव पाण्यात वाढले होते, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला. काचेचा स्वतःचा रंग त्या हिरव्यात किती भेसळ करतो, हा मात्र प्रश्न उरतोच. पुढच्या आठवड्याचा विषय तोच.

देऊळगाव राजाकडे, खडकपूर्णा प्रकल्पाच्या संत चोखासागर जलाशयावर, हे सगळे बोलणे एकदा एका जुन्या भोयासमोर निघाले. तो तराफ्याला टेकून जाळ्याची फाटकी घरे विणत होता. जाळ्याला बुचांच्या जागी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. त्याने गॉगल डोळ्याला लावला, दोन मिनिटे पाण्याकडे पाहिले आणि परत दिला. ‘गॉगल लावला का पानी मुकं होते, भाऊ. वारा कुकडून येऊन रायला ते समजतच नाही.’

म्हातारा चुकलेला नव्हता. वाऱ्याची झुळूक पाण्यावर येते ती चकाकीत उमटलेल्या गडद सुरकुतीने आधी दिसते. कटला वर आला की फुटणारे बुडबुडे, मरळ श्वास घ्यायला तोंड बाहेर काढते तेव्हाचे वर्तुळ, हे सगळे पृष्ठभागावरचे लिखाण आणि त्याची शाई म्हणजे ही चकाकीच. गॉगल खालचे दाखवतो, ते वरचे पुसून. जाळे लावणाऱ्याला वरचे हवे असते. त्यातून पावसाळ्यात काळ्या मातीने गढुळलेल्या पाण्यात खाली बघायला काही नसतेच, तिथे लोलक घेऊन रामन आले तरी गाळच दिसेल.

गॉगलचे दिवस दिवाळीनंतरचे. पाणी निवळते, वारा पडतो, आणि काठच्या उथळ पाण्यात गवताच्या काड्यांमधून मासा सरकताना दिसतो. तेव्हाही एक फसवणूक शिल्लक असते आणि तिच्यावर कुठल्याच काचेचा इलाज नाही. मासा दिसतो त्याहून खोल असतो. सरळ वरून पाहिले तर एक मीटर खोलीवरचा मासा पाऊण मीटरवर भासतो, तिरके पाहिले तर आणखी वर. भोयाचा हात हे न शिकता जाणतो आणि पाग फेकताना त्याचा हिशेब धरतो.

मेहकरच्या वाचकाला एक विनंती. पेनटाकळीला पुन्हा जाल तेव्हा सकाळी आठला आणि दुपारी बाराला, एकाच जागेवरून, एकाच दगडाकडे गॉगल घालून आणि काढून पाहा, आणि दोन्ही वेळा काय दिसले ते कळवा. आभाळाचा प्रकाशही थोडा पोलराइज्ड असतो आणि तो सूर्याबरोबर फिरतो, त्यामुळे दोन वेळच्या नोंदी जुळू नयेत असा अंदाज आहे. आणखी कुणाचे पत्र मध्ये आले नाही, तर पुढच्या आठवड्यात काचेचे रंग: करडा, तपकिरी, पिवळसर, आणि बाजारात आरशासारखा निळा चमकतो तो.