दारणेतला एक दगड उलटा करून बघा

देवळाली कॅम्पच्या नळाला येतं ते दारणेचं पाणी. इगतपुरीच्या डोंगरांतून निघालेली ही नदी भगूरवरून वाहत जाऊन गोदावरीला मिळते आणि तिच्यासोबत थेट बंगालचा उपसागर गाठते. या वाटेवर पाण्यातले किडे, खेकडे, शिंपले सारखे बदलत जातात.

सुरुवात डोंगरातल्या ओहोळांपासून. तिथे पाण्यात पडलेला पालापाचोळा कुरतडण्यात खेकड्यांचा मोठा वाटा असतो. आणि हे खेकडे पिल्लांसाठी समुद्रावर जात नाहीत! अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतो.

वाहत्या पाण्यातल्या दगडाखाली तर अख्खी वस्ती असते. कॅडिसफ्लाय या किड्याची अळी रेशमाच्या धाग्याने खडे जोडून स्वतःचं घर बांधते. तिच्याच काही जाती कोळ्यासारखं जाळं लावून प्रवाहातून येणारा घास पकडतात. मेफ्लाय या दुसऱ्या किड्याची पिल्लं चपटी असतात, त्यामुळे ती वाहून जात नाहीत. पंख फुटल्यावर मात्र तिचं तोंडच निकामी होतं आणि पुढचं आयुष्य उरतं काही तासांचं, फार तर एक-दोन दिवसांचं. चतुराची अळी शेपटाकडून पाण्याची पिचकारी मारून पुढे झेपावते.

१९१६ सालच्या दारणा धरणासारख्या संथ पाण्यात गोगलगायी आणि शिंपले येतात. शिंपल्याला पोहता येत नाही, म्हणून त्याची पिल्लं माशाच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करतात. पुढे गोदावरीवर, २०२० साली महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेल्या नांदूर मधमेश्वरला मुग्धबलाक करकोचे येतात, ते या गोगलगायींवर ताव मारायला.

सांडपाणी मिसळलं की सगळं पालटतं. उरतात लाल अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे कमी प्राणवायूतही त्या तग धरतात. पाण्याची प्रत ठरवताना या अळ्यांच्या कुळाला २ गुण, तर मेफ्लायच्या काही नाजूक कुळांना पूर्ण १० गुण मिळतात.

शेवटी गोदावरीचं आंध्रातलं मुख. तिथल्या मोठ्या झिंग्याची पिल्लं निमखाऱ्या पाण्यातच वाढतात आणि मग नदीत वर चढतात. कोरिंगाच्या खारफुटीत फिडलर खेकड्याचा नर आपली एकच अवाढव्य नांगी हलवत मादीला बोलावतो.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की मुलांना घेऊन दारणेवर जा. दगड उचला, खालची वस्ती बघा आणि दगड होता तसाच परत ठेवा.