घरचें शीतयंत्र बंद पडतें तेव्हां

अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत मुलाच्या किंवा मुलीच्या घरीं उन्हाळा काढून आलेल्या मराठी आईवडिलांस तेथील घरांची एक गोष्ट विशेष वाटते. खोलीखोलींत निराळीं यंत्रें नसतात. सगळ्या घराला मिळून एकच शीतयंत्र असतें. त्याचा एक भाग माळ्यावर, दुसरा अंगणांत, आणि थंड हवा छतांतील झरोक्यांतून सर्वत्र येते. सोय मोठी खरी; परंतु तें एक यंत्र अडलें कीं सारें घर तापतें. बाहेर पारा १०० अंश फॅरनहाइटच्या वर, घरांत तान्हें मूल किंवा वृद्ध माणूस, आणि अशा वेळीं कारागीर येऊन सांगतो, "कॉम्प्रेसर गेला." हे दोन शब्द हजारों डॉलरांचे असतात. ते खरे कीं खोटे, हें पारखण्यापुरतें ज्ञान घरांत असावें.

या यंत्रांत विजेचे दोन प्रवाह असतात. २४० व्होल्टांचा प्रवाह काम करतो; २४ व्होल्टांचा केवळ हुकूम पोंचवितो. भिंतीवरील थर्मोस्टॅटचा हुकूम बाहेरच्या भागांतील कॉन्टॅक्टर नांवाच्या चुंबकी खटक्याकडे जातो. खटका ओढला गेला कीं 'खट्' असा आवाज होतो व मोठ्या प्रवाहाची वाट मोकळी होते. म्हणून दोष शोधण्याचें पहिलें साधन म्हणजे आपला कान.

'खट्' ऐकूंच आलें नाहीं, तर दोष बहुधा हुकुमाच्या वाटेवर असतो. थर्मोस्टॅटची बॅटरी संपलेली असते, किंवा यंत्रांतून गळणारें पाणी वाहून नेणारी नळी शेवाळानें तुंबलेली असते. अशा वेळीं ताटलींतील तरंगता खटका मुद्दामच प्रवाह तोडतो, नाहींतर छत भिजावयाचें. कधीं आंतील ३ किंवा ५ अँपिअरचा लहान फ्यूज उडतो. गवत कापण्याच्या यंत्रानें बाहेरची तार सोलली गेली असेल, तर तो पुन्हां पुन्हां उडतो. त्या जागीं मोठा फ्यूज बसविणें म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळून घेणें होय.

आवाज झाला, पण पुढें सारें स्तब्ध, असें असेल तर ब्रेकर पाहावा. तो पडलेला असल्यास दांडी अर्धवट राहते. ती आधीं पूर्ण बंद करून मग एकदांच चालू करावी. पुन्हां पडला तर तिसरा प्रयत्न करूं नये. ब्रेकर शाबूत असल्यास कॉन्टॅक्टरमध्यें मुंग्या शिरल्याचा संभव असतो. त्या भागांत हें नित्याचें आहे. चिरडलेल्या मुंग्यांचा थर दोन टोंकें भिडूंच देत नाहीं.

आणि यंत्र नुसतें गुणगुणत असेल, तर संशय कॅपॅसिटरवर घ्यावा. हा लहान पत्र्याचा डबा मोटारीला फिरण्याचा रेटा देतो. उन्हानें तो लवकर निकामी होतो व त्याचें डोकें फुगतें. किंमत कांहीं दशक डॉलरच. मात्र वीज तोडल्यावरहि त्यांत भार साठून राहतो, आणि कित्येक कॉन्टॅक्टर दोहोंपैकीं एकच तार तोडतात. म्हणून थर्मोस्टॅट बंद असला तरी यंत्र निर्जीव समजूं नये. झांकण उघडण्याचें काम जाणत्यानेंच करावें.

खरी फसगत येथेंच होते. कॅपॅसिटर गेला कीं कॉम्प्रेसर तापतो, आणि त्याच्या पोटांतील संरक्षक खटका उघडतो. त्याच क्षणीं मापन केल्यास सामाईक टोंकापासून उरलेल्या दोन टोंकांपर्यंत वाट तुटलेली दिसते, आणि उतावीळ माणूस 'गेला' म्हणून मोकळा होतो. परंतु त्या उरलेल्या दोन टोंकांमध्यें परस्पर वाट शाबूत असेल, तर तार तुटलेली नसून खटका उघडलेला असण्याचाच संभव अधिक. वीज बंद ठेवून कॉम्प्रेसर कित्येक तास निवूं द्यावा व पुन्हां मापावें. तुटलेली वाट जुळली, तर नवा कॅपॅसिटर बसवून पाहावा. निवल्यावरहि ती जुळली नाहीं, अथवा कोणत्याहि टोंकापासून बाहेरच्या लोखंडी अंगापर्यंत वीज वाहण्यास वाट सांपडली, तर मात्र कारागिराचें म्हणणें खरें.