आठवड्याला तुम्ही किती तास काम करता?

बीपी वाढलेला दिसला की मी मीठ-तंबाखूबरोबर कामाचे तासही विचारतो. अकोल्याच्या दालमिलमधला कामगार असो की अमरावतीचा दुकानदार, बहुतेकांनी ते कधी मोजलेले नसतात.

भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान या चारही देशांत कारखान्यातल्या कामाची कायदेशीर मर्यादा आठवड्याला ४८ तास आहे, ओव्हरटाइम वेगळा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीनुसार प्रत्यक्ष सरासरी भारतात सुमारे ४७, तर भूतानमध्ये सुमारे ५४ तास. पण सरासरीत तुमचे तास दिसत नाहीत. सकाळी ९ ते रात्री ९ दुकान, मध्ये दोन तास सुटी, असे सहा दिवस म्हणजे ६० तास झाले!

लक्षात ठेवायचा आकडा ५५. या संघटनेने जागतिक आरोग्य संघटनेसोबत केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा (लकव्याचा) धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला. सततचा ताण, अपुरी झोप, अवेळी जेवण आणि तंबाखू यांचा यात वाटा असतो.

तास कमी करणे सर्वांच्या हातात नसते. मग निदान सीझनमध्येही बीपी आणि साखर तपासा, गोळी चुकवू नका, सात तास झोपा.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दडपण येणे याला थकवा समजू नका. लगेच १०८ ला फोन करा. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते.