हाताची पत

पंचवीस-तीस कानशी एकाच वेळी लोखंडावर चालू लागल्या की जो आवाज उठतो, तो कानाला मुळीच गोड नसतो. दात शिवशिवतात. तरीही गेल्या पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत मी तो आवाज तासभर उभा राहून ऐकला. कारण त्या कानशींपैकी एक आमच्या नातवाच्या हातात होती.

नातू म्हणजे माझ्या चुलतबहिणीच्या मुलाचा मुलगा. संस्थेत पालकसभा होती. रोवणी ऐन रंगात आली होती. मजूर मिळाले होते, बांधीत पाणी होते. अशा दिवशी धानाचा शेतकरी देव बोलवायला आला तरी हलत नाही. तेव्हा पालक म्हणून या निवृत्त म्हाताऱ्याची रवानगी झाली. ‘आबाजी, तुम्ही फक्त सही करा अन् मागे बसा,’ अशी तंबी मला बसमध्येच मिळाली होती.

या पोराला दहावीत बहात्तर टक्के मिळाले आणि तरीही तो आयटीआयला गेला, याचे घरात दोन महिने सुतक होते. त्याच्या आईने कुणाच्या लग्नात ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘शिकतो’ एवढेच उत्तर द्यायचे ठरवून टाकले होते. वाचकहो, हे दृश्य तुमच्याही ओळखीचे असेल. अकरावी सायन्सला गेलेला, पुढे दोनदा नापास होणारा मुलगा चारचौघांत ताठ मानेने सांगता येतो. फिटर होणारा मुलगा सांगताना मात्र आवाज खाली येतो.

कार्यशाळेत मी पाहिले ते असे. प्रत्येक मुलासमोर बाकाला घट्ट बसवलेला व्हाइस. त्यात तळहाताएवढा लोखंडी तुकडा, त्यांच्या भाषेत ‘जॉब’. तो कानशीने घासून सपाट करायचा आणि बाजू एकमेकींशी काटकोनात आणायच्या. बस, एवढेच. पण या ‘एवढ्या’साठी कित्येक दिवस जातात. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना सोडायचा. उभे राहण्याची ढब चुकली की पृष्ठभाग मधे फुगतो आणि कडेला उतरतो. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात, दुसऱ्या आठवड्यात ते फुटतात, आणि मग हात हळूहळू शहाणा होतो.

तपासणीची पद्धत मला फार आवडली. निदेशक जॉबला गुण्या लावतात आणि दोन्ही खिडकीकडे धरतात. गुण्या आणि लोखंड यांच्यामध्ये उजेडाची फट दिसली की जॉब परत. कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा, दहावीला किती टक्के, कुणाची चिठ्ठी आणली, या कशाशीही त्या उजेडाला कर्तव्य नसते. बँकेतल्या नोकरीत मी हजारो अर्जांची छाननी केली, पण इतकी निर्मळ छाननी मला एकदाही साधली नाही. त्याची एक गोष्ट पुढे सांगणारच आहे.

आधी या मुलांचा दिवस सांगतो. बरीचशी मुले खेड्यांतून एस.टी.ने येतात. त्यातली काही पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावून आलेली असतात, कारण पोलीस भरतीचे स्वप्न आयटीआयच्या बरोबरीने चालू असते. डब्यात बहुधा भात आणि भाजी. फिटर, इलेक्ट्रिशियन हे व्यवसाय दोन वर्षांचे. वेल्डर, शिवणकाम, संगणक चालवण्याचा अभ्यासक्रम हे एक वर्षाचे. हातकामाबरोबर व्यवसायाची तात्त्विक माहिती, कार्यशाळेतले गणित आणि अभियांत्रिकी चित्रकलाही असते. ज्या मुलाला शाळेत अपूर्णांक कधी उमगले नाहीत, तो इथे व्हर्नियरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचतो. गणित तेच, फरक एवढाच की इथे ते हातात धरता येते.

आणि पहिला धडा सुरक्षेचा. पायात बूट, सैल कपडे नाहीत, हातात कडे-दोरे नाहीत, वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचे नाही. नातवाच्या मनगटावरचा देवाचा दोरा संस्थेत जाताना खिशात जातो आणि परतताना पुन्हा मनगटावर येतो. त्याच्या आजीने या तडजोडीला मान्यता दिली आहे.

इलेक्ट्रिशियनच्या वर्गात काही मुलीही होत्या. लाकडी बोर्डावर जिन्याचे वायरिंग चालले होते: एकच दिवा, पण तो खालूनही लागला पाहिजे आणि वरूनही विझला पाहिजे. एकीला मी विचारले, ‘घरी काय म्हणतात?’ ती म्हणाली, ‘आधी नाही म्हणत होते जी. मग मी घरचा पंखा दुरुस्त केला, तर बाबा मोठ्या बाबांना बोलावून आणून दाखवत होते.’ पंखा फिरला आणि घरातले मतही फिरले.

स्नेहसंमेलनाचे वर्णन ऐकताना तर मला हसूच आले. झाडीपट्टीतली ही मुले. नाटक त्यांच्या रक्तातच. पण इथल्या स्नेहसंमेलनाची ऐट वेगळी. ‘आबाजी, मंडप सोडला तर बाहेरचं काहीच नसते. लायटिंग इलेक्ट्रिशियनचं, स्टेजचा सांगाडा वेल्डरचा, ड्रेस शिवणकामाच्या मुलींचे.’ ‘आणि फिटरचं काय?’ ‘फिटर नाचतात,’ तो म्हणाला. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंती असते. २०२२ साली त्या दिवशी देशभरच्या आयटीआयमध्ये दीक्षान्त समारंभही झाला. पदवीदानाचे झगे घालून फोटो काढण्याचा मान फक्त विद्यापीठांचाच असावा, असे काही कुठे लिहिलेले नाही.

आता थोडे मागे जाऊ. भंडारा हे पितळेचे गाव. इथली पितळी भांडी दूरदूर जात. मोहाडीकडे कोशाचे विणकाम. म्हणजे हातात कसब असण्याची या मातीला सवय आहे. पण ते कसब जन्माने येई. तांबटाचा मुलगा तांबट, कोष्ट्याचा मुलगा कोष्टी. ज्याच्या घरी कसब नाही, त्याने दुसऱ्याच्या बांधीत राबायचे, आणि ज्याच्या सावलीचाही विटाळ, त्याला तर हत्याराजवळ कोण येऊ देणार? सरकारी कार्यशाळेच्या बाकाने हा नियम मोडला. त्या बाकावर कुणब्याचा, कोष्ट्याचा, ढिवराचा आणि बौद्धाचा मुलगा एकाच आकाराची कानस घेऊन उभे असतात.

याच्या मुळाशी एक नाव आहे आणि त्याचा भंडाऱ्याशी संबंध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्धाच्या कारखान्यांसाठी कारागीर घडवणारी तांत्रिक प्रशिक्षणाची योजना १९४० साली सुरू झाली होती. ती मजूर खात्याकडे होती, आणि दलित मुलांना तंत्रशिक्षण मिळाले पाहिजे हा बाबासाहेबांचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर १९५० साली शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आजच्या आयटीआय तिच्यातूनच वाढल्या. पुढे १९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्यांना आपण मत दिले नाही, निदान त्यांचे एक मत तरी आपण मानावे, असे मला त्या कार्यशाळेत उभे असताना वाटून गेले.

आणि आता ती कबूल केलेली गोष्ट.

१९९४ सालची. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा १९९९ मध्ये झाला. मी एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. आदल्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९९३ ला, पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली होती. सुशिक्षित बेरोजगाराला एक लाखापर्यंतच्या प्रकल्पासाठी कर्ज, तारण नाही, शिवाय अनुदान. आयटीआय झालेली मुले तिच्यात स्पष्टपणे पात्र होती. असाच एक मुलगा अर्ज घेऊन आला. जळालेल्या वीजमोटारी पुन्हा गुंडाळून देण्याचे दुकान काढायचे होते. पस्तीस हजार मागत होता. अंगावर संस्थेचाच जुना गणवेश, पायात स्लिपर.

मी त्याला सराईतपणे विचारले, ‘गिऱ्हाईक कुठून येणार?’ त्याने पिशवीतून शंभर पानी वही काढली. आसपासच्या अकरा गावांतले वीजपंप त्याने सायकलवर फिरून मोजले होते. कुठल्या गावात किती, किती अश्वशक्तीचे, गेल्या उन्हाळ्यात किती जळाले, दुरुस्तीला कुठे नेले आणि किती दिवस लागले. असा प्रकल्प अहवाल मी त्यानंतरच्या नोकरीतही फारसा पाहिला नाही. तरी मी शेरा मारला, ‘व्यवहार्य वाटत नाही.’ का? त्याच आठवड्यात मी एका बी.ए. झालेल्या मुलाला किराणा दुकानासाठी कर्ज मंजूर केले होते. त्याचे वडील ओळखीचे होते, तो इस्त्रीच्या शर्टात आला होता आणि नीट बोलत होता. मोटार गुंडाळणाऱ्याची नखे काळी होती. खरे कारण एवढेच.

दोन उन्हाळे गेले. किराणा दुकान बंद पडून खाते थकीत झाले होते. उन्हाळी धान उभे होते, विजेचा दाब कमी, मोटारी पटापट जळत होत्या. आमच्या एका पीककर्जदाराची मोटार जळाली. शेतात भेगा पडू लागल्या. पीक गेले असते तर त्याच्याबरोबर आमची वसुलीही गेली असती. मी पाहणीला गेलो तेव्हा पाणी चालू होते. ‘रातभर बसला पोरगा, सकाळी मोटर दिली,’ तो म्हणाला. पोरगा कोण, हे विचारायची गरज पडली नाही.

दुकान म्हणजे कुडाची एक खोली होती. जळालेली तार छिन्नीने तोडून काढायची, खाचा साफ करायच्या, त्यात कागद बसवायचा, वेढे मोजून नव्या तारेची गुंडाळी भरायची, वरून वार्निश, मग सुकवणे. वेढ्यांचा हिशेब चुकला की मोटार पुन्हा जळणार. आईचे डोरले सावकाराकडे ठेवून त्याने भांडवल उभे केले होते. मी म्हणालो, ‘आता अर्ज कर, मी करून देतो.’ तो काम न थांबवता म्हणाला, ‘आता नाही लागत जी, साहेब. तवा लागत होतं.’

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

मराठीत ‘पत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बँकेत पत म्हणजे कर्ज फेडण्याची लायकी, आणि समाजात पत म्हणजे मान. हातांच्या बाबतीत आपण दोन्ही नाकारतो. मोटार जळाली की त्या हातांवाचून आपले चालत नाही, पण मुलगी देताना, कर्ज देताना, पंगतीत शेजारी बसवताना ते हात आठवत नाहीत. आयटीआयच्या विद्यार्थ्याचे चाळीस रुपयांचे मासिक विद्यावेतन राज्य सरकारने २०२३ साली पाचशे केले. चांगले झाले, पण २०२३ सालापर्यंत चाळीस रुपयांत आपल्याला काही खटकले नाही, हेही खरे.

या हातांना काम नाही असे नाही. जिल्ह्यात जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा मोटारींचा कारखाना आहे. १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवारीची वाट ठेवली आहे. बरीच मुले मात्र पुणे-चाकण गाठतात, एका खोलीत सहा-सहा जण राहतात. उमेदवारीचे वर्ष संपले की पुढे कायम नोकरी मिळेलच असे नाही. आणि धोका असतो. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला आणि कित्येक जण दगावले. त्यांत एक तरुण शिकाऊ उमेदवारही होता. त्या दिवशी आमच्या नातवाच्या आईने दूरदर्शन संच बंद करून टाकला. तिचे सुतक टक्क्यांसाठी होते असे मी समजत होतो. त्यात ही भीतीही असणार, हे मला नंतर कळले.

म्हणून पालकसभेत मी मागे बसलो नाही. उठून दोनच गोष्टी विचारल्या. उमेदवारीला मुले जातात तिथे त्यांच्या सुरक्षेची चौकशी संस्था करते का? आणि ज्याला स्वतःचे दुकान काढायचे आहे, त्याला अर्ज कसा लिहायचा हे कुणी शिकवते का? दुसऱ्या कामासाठी महिन्यातून एक शनिवार मी येईन, असेही सांगून टाकले. नातवाने कपाळावर हात मारून घेतला. प्राचार्यांनी मात्र वही काढून माझा नंबर लिहून घेतला.

परतताना बांधीवरूनच आलो. पाऊस रिमझिमत होता. पऱ्हे रोवणाऱ्या बायांची रांग मागे सरकत होती. नातवाचा बाप गुडघाभर चिखलात उभा. पोरगा पुढे गेल्याचे पाहून त्याने हळूच विचारले, ‘का म्हणत होते जी मास्तर?’

मी म्हणालो, ‘अजून जरा उजेड दिसतो म्हणाले. पंधरा दिवसांत बुजेल.’

त्याला काही कळले नाही. पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे समाधान झाले असावे. तो पुन्हा वाकला आणि रोवू लागला.