परसातील तळ्याचा हिवाळा

आमच्या वसतिगृहामागील तळे पाहावयास येणारे पालक आणि माजी विद्यार्थी पूर्वी कमळे मोजून परतत. अलीकडे त्यांचे प्रश्न बदलले आहेत. कोणाच्या परसात सिमेंटचा हौद आहे, कोणाच्या गच्चीवर टब आहे, एखाद्याने शेताच्या बांधाशी बोडी खणून घेतली आहे. आणि दिवाळी सरली की त्यातील मासे का मरतात, कमळ का वाळते, हे प्रत्येकाला जाणून घ्यावयाचे असते. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते येथे सविस्तर लिहीत आहोत.

या विषयावरील बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. त्यांत बर्फ कसा फोडावा, पाण्यात तापक कसा ठेवावा, याचीच चर्चा असते. विदर्भात तळे गोठत नाही. नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तरी तो आकडा हवेचा. पाणी इतक्या लवकर निवत नाही. आपल्याकडे मासे मरतात ते पहाट आणि दुपार यांच्या तापमानातील तफावतीने, तळाशी कुजणाऱ्या पाल्याने आणि आपणच प्रेमाने टाकलेल्या अन्नाने. हे तिसरे कारण आम्ही फार मोल देऊन शिकलो.

आमचे तळे २० फूट लांब, १५ फूट रुंद, काठाशी अडीच आणि मध्यभागी साडेचार फूट खोल आहे. त्यात साधारण २८ हजार लिटर पाणी मावते. पहिल्या वर्षी आम्ही त्यात रोहू आणि कटला मिळून ४० मासे सोडले होते. थंडी पडताच मासे तळाशी जाऊन बसले, तेव्हा मुलांना वाटले की ते उपाशी आहेत. मुले आपल्या ताटातील भात आणि पोळीचे तुकडे राखून ठेवीत आणि संध्याकाळी तळ्यात टाकीत. आम्हांलाही त्यात कौतुकच वाटे. कोणी त्यांना थांबविले नाही. डिसेंबरच्या अखेरीस तीन दिवस आभाळ भरून आले, अवकाळी सरी पडल्या, आणि चौथ्या पहाटे १९ मासे पोट वर करून तरंगताना दिसले. त्या सकाळी भोजनगृहात कोणी फारसे बोलले नाही.

भंडारा जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याचे वडील त्याच आठवड्यात भेटीस आले होते. ते ढीवर समाजाचे; त्यांच्या पिढ्या मालगुजारी तलावांवर मासेमारी करीत आलेल्या. त्यांनी पाण्याचा वास घेतला, तळातील चिखल मुठीत उचलून पाहिला आणि म्हणाले, “गुरुजी, हिवाळ्यात मासोऱ्या उपासानं नाही मरत, खाऊन मरतेत.” पुढे आम्ही जे वाचले आणि मोजले, ते सारे या एका वाक्याचे स्पष्टीकरणच ठरले.

माशाचे रक्त आपल्यासारखे सदा एका तापमानाचे नसते. पाणी निवले की त्याचे शरीरही निवते, पचन मंदावते, श्वासाची गरज घटते. रोहू-कटल्यास २५ ते ३० अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. २० च्या खाली त्यांची भूक झपाट्याने ओसरते. अशा वेळी टाकलेले अन्न एक तर पोटात पडून राहते, नाही तर तळाशी जाऊन कुजते. कुजणे म्हणजे सूक्ष्मजीवांनी पाण्यातील प्राणवायू वापरणे. येथे एक गोष्ट अनेकांना बुचकळ्यात टाकते: थंड पाण्यात तर प्राणवायू अधिक मावतो. ते खरेच आहे. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम, तर १५ अंशांच्या पाण्यात सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. परंतु मावणे वेगळे आणि असणे वेगळे. आभाळ भरलेले असले की पाण्यातील वनस्पतींना ऊन मिळत नाही, त्या प्राणवायू सोडीत नाहीत, आणि रात्री तर त्याही तो वापरतात. त्यात थंड पाऊस पडला की वरचे निवलेले पाणी जड होऊन खाली उतरते आणि तळचे, कुजक्या गाळाजवळचे, प्राणवायू सरलेले पाणी वर येते. आमच्या तळ्यात त्या चौथ्या पहाटे हेच घडले असावे.

तेव्हापासून तळ्यात दोरीला बांधलेला तापमापक असतो. सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता फूटभर खोलीवरचे तापमान मुले वहीत लिहितात. शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा समप्रमाणात भिजवून आम्ही माशांना देतो. दुपारचा आकडा २० च्या खाली आला की हे खाद्य निम्मे, आणि १६ च्या खाली आला की पूर्ण बंद. जे द्यावयाचे ते दुपारी, ऊन पाण्यात उतरल्यावर. संध्याकाळी कधीही नाही. पंधरा मिनिटांत जे संपत नाही ते जाळीने काढून टाकावे. मासा आठवडाभर काही न खाता राहिला म्हणून घाबरू नये. तो अंगावरच्या चरबीवर राहतो आणि शेवाळही कुरतडतो. मुलांना हे पटविणे मात्र अजूनही कठीण जाते, विशेषतः पाचवीत नव्याने आलेल्यांना.

सगळे मासे एका जातीचे नसतात, हेही ध्यानी घ्यावे. गोल्डफिश १० अंशांपर्यंतची थंडी सहज सोसतो. तिलापिया त्याच सुमारास मरू लागतो. डासांसाठी आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी थंडीत फार लवकर खचतात. म्हणून त्यांतील ३०-४० आम्ही नोव्हेंबरातच न्हाणीघराजवळच्या आतल्या हौदात हलवितो. तेवढे बियाणे पुढल्या उन्हाळ्यास पुरते. पहाटे रोहू पृष्ठभागाशी तोंड वासून उभे दिसले तर ती धोक्याची खूण समजावी. मरळ मात्र हवेतून श्वास घेणारा मासा आहे. तो वर येतो तो सवयीने. त्याला पाहून धावपळ करू नये.

पाण्याविषयी आमचा नियम एकच: थंडीच्या तोंडावर तळे काठोकाठ भरलेले असावे. फूटभर पाण्याचा टब एका रात्रीत जितका निवतो तितके चार फुटांचे तळे आठवड्यातही निवत नाही. ज्यांच्याकडे केवळ टब आहे त्यांनी तो उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोशाला, दुपारच्या उन्हात ठेवावा. आम्ही तळ्याच्या उत्तर बाजूस बांबूंना तणसाच्या पेंढ्या बांधून कूड उभारतो. एका वर्षी संपूर्ण तळ्यावर काळी ताडपत्री पसरली होती. चार दिवसांत पाण्याला वास येऊ लागला. उजेड आणि वारा अडविणे हे थंडी अडविण्यापेक्षा महाग पडते.

विहिरीच्या पाण्यातून हिवाळी सकाळी वाफ निघताना आपण साऱ्यांनी पाहिली आहे. जमिनीच्या पोटातले ते पाणी तळ्यातील पाण्याहून ऊबदार असते, म्हणून कडाक्याच्या दिवशी ते सोडणे हिताचे. पण त्यात प्राणवायू कमी असतो. ते उंचावरून दगडावर आपटत पडू द्यावे, आणि एका वेळी तळ्याच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक सोडू नये. नळाचे पाणी असल्यास आदल्या दिवशी पिंपात भरून उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरिन उडून जातो.

आता वनस्पती. कमळाची पाने नोव्हेंबरात कडेने तपकिरी होऊ लागली की पाहुणे हळहळतात. झाड मेलेले नसते. त्याचा जीव चिखलातील कंदात उतरलेला असतो. वाळलेले पान अवश्य कापावे, परंतु देठ पाण्याच्या वर वीतभर राखून. कमळाचा देठ पोकळ असतो आणि त्याच्या नळ्यांतून कंदास हवा पोहोचते. पाण्याखाली कापला तर त्याच वाटेने पाणी आत शिरून कंद कुजण्याची भीती असते. आमच्या तळ्यात हिवाळाभर हे वाळके बुडखे उभे असतात. दिसावयास ते विद्रूप आहेत, हे आम्हांस मान्य आहे.

कुमुदिनी पूर्ण झोपत नाही; तिची पाने लहान होतात, फुले विरळ येतात. पिवळी पाने काढीत राहावे, खत ऑक्टोबरनंतर देऊ नये. शिंगाडा लावला असेल तर तो याच सुमारास सरतो. बियाण्यासाठी राखलेली पक्व फळे पाण्यातच बुडवून ठेवावीत, सुकली की ती उगवत नाहीत. जलपर्णीबद्दल आम्हांस दयामाया नाही. ती थंडीने काळवंडून तळाशी कुजते, म्हणून आश्विन पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी मुलांच्या रांगा लावून ती सारी उपसतो आणि खतखड्ड्यात टाकतो. गाळही त्याच वेळी, पाणी ऊबदार असतानाच काढावा. कंदांसाठी वीतभर थर राहू द्यावा.

काठावरच्या सागाची पाने हिवाळाभर गळत राहतात. मासेमारीचे जुने जाळे तळ्यावर ताणून बांधले की निम्मे काम होते. उरलेली पाने रोज वेचावी लागतात.

थंडीत मासे जाळ्याने धरू नयेत. खवले निघतात, जखम लवकर भरत नाही, आणि याच ऋतूत अंगावर लाल व्रण पडणारा बुरशीचा रोग फोफावतो. असा मासा दिसताच तो वेगळा ठेवावा. आम्ही त्याला लिटरमागे तीन ग्रॅम मीठ घातलेल्या पिंपात ठेवतो. तळ्यातच मीठ टाकल्यास वनस्पती खचतात. व्रण अनेक माशांवर दिसू लागले तर घरगुती उपाय करीत न बसता मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांना दाखवावे.

फेब्रुवारीत सकाळचा आकडा सलग आठवडाभर २० च्या वर राहिला की खाद्य पुन्हा सुरू होते, पहिले दोन आठवडे दिवसाआड मूठभर. त्याच सुमारास कमळाचे पहिले, रुपयाएवढे पान पाण्यावर येते, आणि आम्ही कंद वेगळे करून नव्याने लावतो. दरवर्षी काही कंद उरतात. ज्यांना हवे असतील त्यांनी महिन्याच्या मध्यास यावे, आणि येताना ओले करण्यासाठी एक गोणपाट आणावे. कंदाचे टोक मोडले तर तो उगवत नाही.