सायप्रसमधील मांजरे : आख्यायिका, स्थलनाम व अस्थी

सायप्रस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, लिमासोल नगरानजीक, अक्रोतिरी नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या आग्नेय टोकास 'गाता' असे म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'मांजर' असा आहे. याच द्वीपकल्पावरील संत निकोलसाचा मठ 'मांजरांच्या संत निकोलसाचा मठ' म्हणून प्रसिद्ध असून तेथील मांजरे पाहण्यास प्रवासी मुद्दाम जातात. ही मांजरे या बेटावर केव्हा आली, या प्रश्नाचा विचार करताना आख्यायिका, स्थलनाम आणि उत्खननात सापडलेल्या अस्थी अशी तीन साधने हाती येतात. या तिन्हींची साक्ष एकसारखी नाही. म्हणूनच प्रत्येकीचे मोल स्वतंत्रपणे ठरविणे अगत्याचे आहे.

आख्यायिका अशी : इ. स. च्या चौथ्या शतकात दीर्घ अवर्षणामुळे बेट ओसाड पडले व सर्पांचा सुळसुळाट झाला. तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाइनची माता हेलेना हिने गलबतातून शेकडो मांजरे आणवून तेथे सोडली. त्यांच्या पोषणाचा भार मठातील साधूंवर आला. घंटेचा नाद होताच मांजरे अन्नासाठी मठात परत येत, असेही सांगतात. युरोपीय यात्रेकरूंच्या १५ व्या शतकाच्या उत्तरार्धातील वृत्तांतांत या सर्पघातक मांजरांचे उल्लेख येतात. ग्रीक कवी योर्गोस सेफेरिस यांनीही १९६९ मध्ये आपल्या एका कवितेसाठी हीच कथा निवडली. तथापि कथेतील घटना आणि हे वृत्तांत यांत सुमारे अकराशे वर्षांचे अंतर आहे, हे विसरता कामा नये.

आता स्थलनामाकडे वळू. प्राचीन भूगोलकार स्ट्राबो या भागास 'कुरियास' या नावाने ओळखतो. त्यात मांजराचा मागमूस नाही. शिवाय प्राचीन ग्रीकांचा मांजरवाचक शब्दच निराळा होता. इ. स. पूर्व ५ व्या शतकात हिरोडोटसने मिसरमधील मांजरांचे वर्णन केले, ते 'आइलुरोस' या शब्दाने. 'गाता' हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील 'कात्तुस', 'कात्ता' यांच्या कुलातील होय. इंग्रजी 'कॅट', जर्मन 'काट्झे' आणि इटालियन 'गात्ता' हे त्याचेच सगोत्र.

शब्दांच्या साक्षीविषयी येथे एक भेद करावयास हवा. प्राचीन मिसरी भाषेतील 'मिऊ' आणि चिनी भाषेतील 'माओ' यांचे साम्य लक्षवेधक असले, तरी त्यावरून संपर्क सिद्ध होत नाही. दोन्ही शब्द प्राण्याच्या आवाजाचे अनुकरण आहेत. आपला 'मांजर' हा शब्द संस्कृत 'मार्जार' यापासून प्राकृताच्या द्वारे आला. त्याच्या मुळाशी 'मृज्', म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे, हा धातू आहे. सतत अंग चाटून स्वच्छ ठेवण्याच्या सवयीवरून हे नाव पडले. अशा नावांवरून प्राण्याचा प्रवास कळत नाही. 'कात्ता'सारखा उसना शब्द मात्र लोकांच्या दळणवळणाची खूण असतो. पण ही खूण शब्दाच्या आगमनाची. प्राण्याचे आगमन त्यापूर्वीचेही असू शकते.

सायप्रसमध्ये तसेच घडल्याचे अस्थींनी दाखविले. लिमासोलच्या पूर्वेस शिलुरोकाम्बोस येथील नवाश्मयुगीन वसाहतीत फ्रेंच संशोधकांना एका मनुष्याच्या दफनापासून सुमारे ४० सेंटिमीटरवर मांजराचा संपूर्ण सांगाडा मिळाला. जाँ-देनी व्हीन्य व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. मांजर सुमारे आठ महिन्यांचे होते. त्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा नव्हत्या. हे दफन सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे हेलेनाच्या काळाहून सात हजारांहून अधिक वर्षे जुने आहे. या बेटावर मांजर ही जात मुळात नव्हती. तेव्हा ते, किंवा त्याचे पूर्वज, माणसाच्या नावेतूनच आले असले पाहिजेत. धान्याबरोबर घरउंदीरही बेटावर आलेले होते. त्यामुळे मांजर आणण्याचे कारणही उलगडते.

परंतु यावरून ते मांजर 'पाळीव' होते, असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. त्याची ठेवण जवळपूर्वेतील रानमांजराशी जुळते. मराठीत 'पाळीव' आणि 'माणसाळलेला' असे दोन शब्द आहेत. पहिल्यात पिढ्यान्‌पिढ्यांची पैदास गृहीत असते, तर दुसऱ्यात एकट्या प्राण्याची माणसाशी झालेली सलगी पुरते. शिलुरोकाम्बोसच्या मांजरास दुसरा शब्दच अधिक शोभतो.

मग आख्यायिका टाकाऊ मानावयाची काय? तसे नव्हे. मांजरे समुद्रमार्गे आली, माणसांनी आणली आणि उपद्रवी जीवांच्या नाशासाठी आणली, या तिच्या गाभ्याला अस्थींचा विरोध नाही. मात्र हे साम्य म्हणजे हजारो वर्षे टिकलेली लोकस्मृती होय, असे अनुमान काढणे योग्य नाही. बेटावर मांजर नावेतूनच येणार, हे कोणत्याही काळातील मनुष्यास स्वतःच सुचण्यासारखे आहे. आख्यायिका मठाचे माहात्म्य सांगते, स्थलनाम भाषांचा संपर्क सांगते आणि अस्थी प्राण्याचा काळ सांगतात. एकीला विचारावयाचा प्रश्न दुसरीला विचारला म्हणजेच घोटाळा होतो.